मिकीची लाल चड्डी, क्रेपचा कागद आणि झेंडूचं तोरण : ‘थीम बर्थडे’ आला कुठून?

हा आजच्या भागाचा लिखित अवतार. ज्यांना हेडफोन घरी विसरायची सवय आहे त्यांच्यासाठी खास. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मागे भुंकणारा सोसायटीतला कुत्रा तेवढा काढून टाकलाय.

हल्ली लहान मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की तारखेच्या आधी थीम कळते. फ्रोझन. मिनियन्स. छोटा भीम. स्पायडरमॅन. आणि खाली एक ओळ, ‘प्लीज वेअर ब्ल्यू’. आपल्या घरातली आज्जीमंडळी विचारतात, “हे काय नवीन?” आपणही मान डोलावतो, की हो, हे नवीनच. अमेरिकेतून आलं, इन्स्टाग्रामने वाढवलं, विषय संपला.

पण विषय तिथे संपत नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे थीम म्हणजे रंगांची एक फाईल. खालचं अ‍ॅप तेच राहतं, बटणं तीच, वरचे रंग फक्त बदलतात. वाढदिवसाचंही तसंच आहे बघा. औक्षण तेच, केक तोच, वेफर्स तेच, रडणारं पोर तेच. बदलतात ते रंग. मग मला प्रश्न पडला की ही रंगांची फाईल पहिल्यांदा लिहिली कोणी? सिनेमा मुलाच्या वाढदिवसाच्या भिंतीवर कधी चढला? आणि त्यासाठी कोणाला पैसे द्यायचे, हे कधी ठरलं?

सिनेमाच्या आधीचं भराभर सांगतो. मुलाचा वाढदिवस, केक आणि वयाइतक्या मेणबत्त्या ही जर्मन प्रदेशातली रीत. तिथे मुलांच्या या सणाला ‘किंडरफेस्ट’ म्हणायचे. केकवरच्या मेणबत्त्यांचं एक जुनं वर्णन १७४६ सालचं सापडतं, पण ते लहान मुलाचं नाही. झिन्झेनडॉर्फ नावाच्या एका जर्मन सरदाराचा वाढदिवस होता. भट्टीत मावेल तेवढा मोठा केक केला होता आणि वयाची जितकी वर्षं तितकी भोकं पाडून त्यात मेणबत्त्या खोचल्या होत्या. सरदारसाहेब तेव्हा ४६ वर्षांचे. म्हणजे धूर किती झाला असेल त्याचा अंदाज करा.

फुगा आला तो तर थेट प्रयोगशाळेतून. १८२४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे वायूंवर प्रयोग करत होता. त्याने रबराचे दोन गोल तुकडे एकमेकांवर ठेवले, कडा दाबून चिकटवल्या आणि आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरलं. त्यात हायड्रोजन भरला. हा रबरी फुगा. इथेच एक सावधानतेचा इशारा देतो, कारण पुढे विसरेन. आपल्याकडच्या फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये आजही बऱ्याचदा हायड्रोजनच असतो, आणि तो पेटतो. असे गॅसचे फुगे आणि केकवरच्या मेणबत्त्या एकमेकांच्या जवळ आणू नका. साधे, तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले फुगे छान दिसतात.

आता कागद. इथे खरी गोष्ट सुरू होते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डेनिसन नावाची एक कंपनी होती. क्रेपचा कागद विकायची. क्रेप म्हणजे तो सुरकुत्यांचा, ताणला की लांबणारा कागद. आपल्या शाळेच्या गॅदरिंगला ज्याला पीळ देऊन पंख्यापासून चारही कोपऱ्यांना बांधायचे, तोच. पण नुसता रंगीत कागदाचा गुंडाळा कोण घेणार? म्हणून डेनिसनने सोबत पुस्तिका काढल्या. टेबल कसं सजवायचं, टोप्या कशा करायच्या, फुलं कशी वळायची, पाहुण्यांना कोणते खेळ द्यायचे, सगळं चित्रांसकट. १९०९ साली त्यांनी हॅलोवीनसाठी अशी एक पुस्तिका काढली आणि पुढे जवळपास दरवर्षी काढत राहिले. त्यातून बायकांनी घरोघरी केशरी-काळी सजावट केली. केशरी आणि काळा, बस्स. दोन रंग बघितले की मुलाला कळायचं, आज हॅलोवीन.

म्हणजे थीम ही गोष्ट सिनेमाच्या आधीच तयार होती. तिचं गणित साधं होतं, की कंपनी कच्चा माल आणि कृती विकणार आणि काम तुमच्या घरी होणार. आमच्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी विकत घ्या, डॉक्युमेंटेशन फुकट. डिझाइन कोणाच्या मालकीचं नाही. भोपळा काही कोणाचा ट्रेडमार्क नव्हता!

यात फुकट न मोजलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे आईची दुपार. पुस्तिकेतली ती सुंदर टोपी आपोआप होत नव्हती. पुढची सगळी उलाढाल याच दुपारीभोवती झाली, त्यामुळे हे लक्षात ठेवा.

१८ नोव्हेंबर १९२८ ला न्यू यॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ लागला आणि मिकी माऊस प्रसिद्ध झाला. थोड्याच दिवसांत एका माणसाने न्यू यॉर्कच्या हॉटेलात वॉल्ट डिझ्नीला गाठलं आणि मिकीचं चित्र मुलांच्या लिहायच्या वह्यांवर छापायची परवानगी मागितली, रोख ३०० डॉलर देऊन. डिझ्नीला पैशांची गरज होती, त्याने घेतले. हा किस्सा तो स्वतःच नंतर सांगायचा.

मग १९३० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ओशन पार्क इथल्या एका थिएटरच्या मॅनेजरने, हॅरी वुडिनने, शनिवारी मुलांसाठी ‘मिकी माऊस क्लब’ सुरू केला. टीव्हीवरचा नाही हं, तो १९५५ चा. हा थिएटरमधला. मुलांनी यायचं, कार्टून बघायचं, शपथ घ्यायची, गाणं म्हणायचं. दोनेक वर्षांत अमेरिकाभर असे शेकडो क्लब झाले आणि सभासदांची संख्या दहा लाखांच्या घरात गेल्याचं सांगितलं जायचं. थिएटरवाले गावातल्या दुकानदारांना यात ओढून घेत. बेकरीवाल्याने काय करायचं? तर सभासद मुलाच्या वाढदिवसाला केक द्यायचा.

सिनेमा, लहान मूल, वाढदिवस आणि दुकानदार हे चौघं मला सापडलेल्यात पहिल्यांदा एका खोलीत भेटले ते इथे. अमेरिकेत तेव्हा महामंदी सुरू झाली होती. बाप बेकार, घरात केकची चैन नाही, आणि उंदराच्या नावाने बेकरीवाला केक देतोय. हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पटतं. ते पोर तो उंदीर आयुष्यभर विसरणार नाही.

हे सगळं ज्याने धंद्यात बसवलं त्याचं नाव हर्मन कामेन, सगळे त्याला ‘के’ म्हणायचे. कॅन्सस सिटीचा जाहिरातवाला. १९३२ मध्ये डिझ्नीने त्याच्याशी करार केला. कामेनने कारखाने उघडले नाहीत. त्याने परवाने विकले. तुम्ही वस्तू बनवा, वर आमचं चित्र छापा, आम्हाला टक्केवारी द्या. १९३३ मध्ये इंगरसोल कंपनीचं मिकी घड्याळ आलं, ज्यात मिकीचे हात म्हणजेच घड्याळाचे काटे. दोनेक वर्षांत ती घड्याळं लाखांनी खपली. १९३४ मध्ये लायनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीने एक डॉलरला मिकी-मिनीची हातगाडी काढली. कंपनी तेव्हा दिवाळखोरीच्या दारात होती आणि ही गाडी अडीच लाखांच्या आसपास विकली गेली. त्याच वर्षी ओहायोच्या ओक रबर कंपनीचे मिकी छापलेले फुगे बाजारात आले, आणि नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या मेसीज मिरवणुकीत गुडइयरने बनवलेला अवाढव्य मिकी फुगा रस्त्यावरून फिरला. बॉस्टनच्या मार्क्स ब्रदर्सने पार्टीत खेळायला ‘मिकीला शेपूट लावा’ हा खेळ काढला. डोळे बांधायचे, टाचणी लावलेली शेपटी हातात घ्यायची आणि भिंतीवरच्या मिकीला योग्य जागी टोचायची. आपल्याकडे गाढवाला शेपूट लावायचो ना, तेच. गाढव गेलं, उंदीर आला, आणि उंदरावर रॉयल्टी लागली.

आता मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. कान देऊन ऐका, म्हणजे वाचा.

मिकीची चड्डी लाल आहे हे जगातल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. पण ‘स्टीमबोट विली’ काळा-पांढरा. त्यानंतरची मिकीची थिएटरमधली कार्टून्सही काळी-पांढरीच. डिझ्नीने टेक्निकलरमध्ये १९३२ मध्येच ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ काढलं होतं, पण त्यात मिकी नव्हता. थिएटरच्या पडद्यावर प्रेक्षकांना मिकी रंगीत दिसला तो २३ फेब्रुवारी १९३५ ला, ‘द बँड कॉन्सर्ट’मध्ये. तोवर वर्तमानपत्राच्या रविवारच्या रंगीत पानावर तो येऊन तीन वर्षं झाली होती, आणि घड्याळाच्या तबकडीवर दीड-दोन वर्षं. पोरांनी लाल चड्डी आधी कागदावर, मनगटावर पाहिली. सिनेमा नंतर रंगला!

आपल्याला वाटतं की सिनेमाचे रंग भिंतीवर उतरतात. मिकीच्या बाबतीत तरी वाट उलटी होती. थीमचे रंग बाजाराने आधी पक्के केले आणि पडद्याने त्यांच्यावर सही केली. मला तर हे वाचून एखाद्या सर्व्हरचा कोड त्याच्या स्टिकर्सवरून लिहिल्यासारखं वाटलं.

आणि तो जुना, घरी करायचा रस्ता? तोही लगेच बंद झाला नाही. लॉस एंजेलिसमध्ये शार्लट क्लार्क नावाच्या बाई मिकीच्या कापडी बाहुल्या शिवायच्या. मागणी इतकी वाढली की त्यांना आणि त्यांच्या शिलाईवाल्या बायकांना पुरी करता येईना. मग १९३२ मध्ये मॅकॉल कंपनीने त्या बाहुलीचा कागदी पॅटर्न छापला आणि आयांनी घरी मिकी शिवला. परवानगीने! म्हणजे डेनिसनची पद्धत आणि कामेनची पद्धत काही काळ शेजारी शेजारी नांदल्या. पुढे तयार मालाची बाजू वरचढ झाली. डिसेंबर १९३७ मध्ये ‘स्नो व्हाइट’ आला तेव्हा तर वस्तू सिनेमाच्या आधीच तयार होत्या. सिनेमा लागताक्षणी दुकानं भरलेली. कामेन १९४९ मध्ये अझोर्स बेटांवर झालेल्या विमान अपघातात गेला, पण त्याचा साचा तसाच राहिला.

पुढची चाळीस वर्षं मी पळवतो, कारण साचा तोच आहे, नावं वेगळी. फक्त दोन थांबे. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ इतका चालला की केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयारच झाली नाहीत. मग त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं, आत एक कूपन, की बाहुल्या नंतर पोस्टाने येतील. आणि लोकांनी ते घेतलं. (आमच्या क्षेत्रात याला ‘प्री-ऑर्डर’ म्हणतात आणि आम्ही त्यावर फार खूश असतो.) १९७९ मध्ये मॅकडोनाल्ड्सने हॅपी मील काढलं आणि त्याच वर्षी त्याच्या डब्यावर पहिला सिनेमा चढला, ‘स्टार ट्रेक’चा.

दुसरा थांबा तंत्राचा आहे. साधा रबरी फुगा चित्रासाठी वाईट माध्यम आहे. चित्र छापायचं ते फुगा लहान असताना, आणि फुगला की चित्र ताणतं, मिकीचं नाक गालावर जातं. शिवाय रबराच्या भिंतीतून हवा हळूहळू झिरपते, सकाळी फुगा सुरकुतलेला. १९७० च्या दशकाच्या शेवटी धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे फुगे आले, ज्यांना आपण फॉइल बलून म्हणतो. हे प्लास्टिक ताणतच नाही. म्हणून त्यावर डोळ्याची पापणीसुद्धा जिथल्या तिथे छापता येते, आणि फुग्याला पात्राच्या डोक्याचा आकार देता येतो. हवाही कितीतरी दिवस टिकते. तोटा एकच, तो वीजवाहक आहे. उडून विजेच्या तारांवर गेला की शॉर्ट सर्किट. कॅलिफोर्नियाने १९९० मध्येच कायदा केला की गॅस भरलेला असा फुगा विकताना त्याला वजन बांधलंच पाहिजे. आपल्या गॅलरीबाहेरच्या तारा आठवा आणि पोराच्या हातात दोरी देताना विचार करा.

बरं, हे सगळं आपल्याकडे कधी आलं?

आधी आपल्याकडे काय होतं ते बघू. वाढदिवस तिथीने, पाटावर बसवून औक्षण, सुपारी, सोन्याची अंगठी, डोक्यावर अक्षता, आणि ताटात काहीतरी गोड. सजावट म्हणजे पाटाभोवती रांगोळी. पण थोडं बाजूला बघा. बोरन्हाण! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी करतात ते. मुलाला काळे कपडे, काळेच. अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. मुकुट, बाजूबंद, हातात हलव्याची बासरी, म्हणजे पोर कृष्ण झालं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या आणि बाकी पोरांनी ते लुटायचं. ड्रेस कोड आहे, रंग दोनच आहेत, पात्र आहे, प्रॉप्स आहेत, रिटर्न गिफ्टसुद्धा आहे. थीम पार्टी याहून वेगळी काय असते? फक्त कृष्णावर कोणाचं लायसन्स नाही. आणि तो हलवा काट्यावर यावा म्हणून कोणाची तरी आई दिवसभर मंद आचेसमोर बसलेली असायची. पुन्हा तीच दुपार.

केक, टोप्या आणि फुगे शहरांतल्या इंग्रजी वळणाच्या घरांत आधीपासून होते. पण मला वाटतं, साध्या घरांना ते शिकवले हिंदी सिनेमाने. १९६४ चा ‘दूर की आवाज’ किंवा १९६७ चा ‘फर्ज’ घ्या. दोन्हींत वाढदिवसाचं गाणं आहे आणि ती गाणी आजही केक कापताना कोणीतरी लावतंच. पडद्यावर मोठा दिवाणखाना, लटकणारे फुगे, झिरमिळ्या. म्हणजे आपल्याकडे सिनेमा आधी वाढदिवसाचा नकाशा म्हणून आला, थीम म्हणून खूप नंतर.

माझ्या मोठ्या चुलतभावाच्या वाढदिवसाचे १९९० च्या आसपासचे फोटो आहेत घरी. मागे पलंगावरची चादर टांगलेली. तिच्यावर थर्माकोलची कापलेली अक्षरं टाचण्यांनी लावलेली, वर चमकी. कोपऱ्यांना पीळ दिलेला क्रेप. आणि मधोमध तो मोठ्ठा फुगा, आत गोळ्या आणि थर्माकोलचे मणी भरलेला, जो टाचणीने फोडला की खाली पोरांची झुंबड. त्या सजावटीत एकही सिनेमा नाही. अक्षरं कापणारा काका मात्र ब्लेडसकट एका फोटोत आलाय.

पुढच्या दहा-बारा वर्षांत सगळं बदललं. नव्वदीच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी मोगली आला, ‘डकटेल्स’ आलं. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स आलं आणि ज्यांना परवडायचं त्यांचे वाढदिवस तिथे होऊ लागले. पात्रं घरात शिरली, पण त्यांचे फुगे-ताटल्या अजून सहज मिळत नव्हत्या, कारण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर बंधनं होती. ती शेवटची संख्यात्मक बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली. त्यानंतर मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत जे चिनी पार्टी सामान भरलं, ते आजपर्यंत कमी झालेलं नाही. २००८ मध्ये पोगोवर ‘छोटा भीम’ सुरू झाला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा हा भीम म्हणजे आपला देशी के कामेन धंदा. शर्टच नाही, नुसतं केशरी धोतर, तरी बॅग, डबा, केक सगळीकडे हजर. तुम्ही केशरी कपड्याची घडी दाखवा, तीन वर्षांचं पोर ‘भीम’ म्हणेल. २०१५ मध्ये तर रंगांचा धंदा करणाऱ्या पँटोन कंपनीने ‘मिनियन यलो’ नावाचा अधिकृत पिवळाच काढला.

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली आणि थर्माकोलच्या मखरांची गोची झाली, हे आठवत असेल. वाढदिवसाची थर्माकोलची अक्षरंही हळूहळू गेली. त्यांच्या जागी फॉइलची सोनेरी अक्षरं आली. पर्यावरणाच्या हिशेबात ही अदलाबदल फार फायद्याची झाली असं मला वाटत नाही.

आज तर किट मिळतं. फुग्यांची कमान, बॅकड्रॉप, केकवर खोचायचे कटआउट, सगळं एका पिशवीत. नाहीतर डेकोरेशनवाला येतो, दोन तासांत लावतो, रात्री काढून नेतो. मी याला नावं ठेवणार नाही. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ती दुपार कोणाकडेच उरलेली नाही. किट ही त्या दुपारीचीच किंमत आहे. पण किटमध्ये नेमकं काय विकत घेतो आपण? चेहरा. रंग नाही. रंग बाजारात मोकळे पडलेत.

हे मला स्पष्ट झालं ते भाचीच्या वाढदिवसाला. ती पाच वर्षांची झाली तेव्हा तिला ‘कोको’ पाहिजे होता. पिक्सारचा, २०१७ चा. मेक्सिकोतला मृतांचा दिवस, सांगाडे, आणि गिटार वाजवणारा मिगेल. आई म्हणाली, “अगं बाई, वाढदिवसाला मेलेल्यांचा सिनेमा?” ताई म्हणाली, “दादा, किट शोध.” किट मिळालं नाही. फ्रोझनची शंभर, कोकोचं एक नाही.

मग मी थोडं वाचलं आणि गंमतच निघाली. ‘कोको’च्या सुरुवातीची अख्खी गोष्ट कागदी पताकांवर सांगितली आहे. त्या पताका पिक्सारने शोधलेल्या नाहीत. मेक्सिकोच्या प्वेब्ला राज्यात सान साल्वादोर विशकोलोत्ला नावाचं गाव आहे, तिथले कारागीर पातळ रंगीत कागदांचे थर एकावर एक ठेवतात आणि छिन्नी-हातोडीने नक्षी पाडतात. एका वेळी पन्नासेक कागद. कागदाला तिथे ‘चिनी कागद’ म्हणतात, कारण फिलिपाइन्सहून पॅसिफिक ओलांडून येणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून तो मेक्सिकोत आला असं मानलं जातं. आणि मे २०१३ मध्ये डिझ्नीने काय केलं? सिनेमा येण्याआधी त्या सणाच्या नावाचाच, ‘दिया दे लोस मुएर्तोस’चा, ट्रेडमार्क मागितला, वस्तूंवर छापायला. सणाचा! कल्पना करा, कोणीतरी ‘गुढीपाडवा’ नोंदवून घेतोय. प्रचंड बोंब झाली, लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने सांगाड्याच्या रूपातल्या राक्षसी मिकीचं पोस्टर काढलं, आणि काही दिवसांत डिझ्नीने अर्ज मागे घेतला. पुढे त्याच अल्काराझला सिनेमावर सल्लागार म्हणून घेतलं. काही मेक्सिकन-अमेरिकन लोकांनी त्यालाही शिव्या दिल्या, काहींनी म्हटलं बरं झालं.

आणि सिनेमाभर सांडलेली ती केशरी फुलं? झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. अमेरिका खंडातून युरोपीय दर्यावर्द्यांबरोबर, बहुधा पोर्तुगीजांमार्फत, तो आपल्याकडे आला आणि इतका रुळला की त्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही.

मग किट कशाला? मार्केट यार्डातून झेंडू आणला. पतंगाचा कागद घेतला, जांभळा, राणी, केशरी, हिरवा. घडी घालून कात्रीने नक्षी कापली. छिन्नीचं काम आपल्याला जमणारं नाही, पण चार घड्या घातल्या की कात्रीने एका वेळी चार-पाच कागद कापले जातात. सांगाड्यांऐवजी गिटार आणि चांदण्या. सुतळीला खळ लावून चिकटवल्या. आईला यातलं काही शिकवावं लागलं नाही, गणपतीच्या पताका तिने लहानपणापासून केल्यात. मिगेलचा चेहरा आम्ही कुठेच लावला नाही. शेजारची पोरं आत आली आणि पहिलं म्हणाली, “कोको!”

सिनेमात घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो एका चौरंगावर मांडतात, भोवती फुलं. भाचीने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं. तिने आजीकडे पणजीचा फोटो मागितला. आई आत गेली, देवघराच्या वरचा फ्रेममधला फोटो काढला, त्याचा चंदनाचा हार बाजूला ठेवला आणि झेंडूचा घातला. तो फोटो केकच्या मागे बसवला. मग पाट, औक्षण. निरांजन ओवाळून झाल्यावर भाचीने सवयीने त्याच्यावर फुंकर मारायला तोंड पुढे केलं, तेव्हा आईने ताट पटकन मागे घेतलं. “ही नाही गं. ती केकवरची फुंक.”

पुढच्या भागात फुगेवाल्यांबद्दल बोलणार आहे. तुमच्या घरी थर्माकोलची अक्षरं आणि चादर असलेला जुना फोटो असेल तर नक्की पाठवा. ब्लेडवाला काका दिसत असेल तर आधी पाठवा.